घर नसलेल्यांसाठी व्यसनमुक्तीचे घर

भिवंडीत व्यसनमुक्तीचा विचार करायचा, तर आधी यंत्रमाग कामगाराचा दिवस पाहावा लागतो. बारा तासांची पाळी, विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरणारी मजुरी, बिशीतले (खाणावळीतले) उधारीचे जेवण आणि अनेकांनी मिळून घेतलेली खोली, जिथे एक पाळी कामाला गेली की दुसरी तिच्या जागेवर आडवी होते. बायकामुले आझमगड, मऊ किंवा तेलंगणातल्या एखाद्या गावात. अशा माणसाला दारूने, कोडीनच्या खोकल्याच्या औषधाने किंवा झोपेच्या गोळ्यांनी धरले, तर त्याला वेळीच टोकणारे जवळ कोणी नसते. याच भिवंडीतून दिवा-वसई लोहमार्गाने वसई गाठता येते, आणि वसईत कृपा फाउंडेशनचे निवासी केंद्र आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती प्रेरणेच्या व्यसनमुक्ती कार्यातले हे ठळक नाव. तिथे जे जमले ते भिवंडीतल्या कामगारालाही लाभेल का? माझे म्हणणे असे की या कामाची ताकद प्रार्थनेपेक्षा आणि औषधापेक्षा सोबतीत आहे. रुग्ण आणि त्याचे घर यांना ते एकत्र हाताशी धरते. भिवंडीत नेमके घरच हाताशी नसते, आणि त्याची सोय केल्याशिवाय नुसत्या खाटा वाढवून भागणार नाही.

कृपाची सुरुवात १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये झाली. संस्थापक फादर जो परेरा हे कॅथलिक धर्मगुरू. दारूच्या व्यसनाचा आणि त्यातून सुटण्याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता आणि तो ते उघडपणे सांगत. ते बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्यही होते. त्यामुळे कृपाच्या उपचारात अल्कोहोलिक्स अनॉनिमस या मद्यपींच्या परस्पर-मदत संघटनेच्या बारा पायऱ्या आणि अय्यंगार पद्धतीची योगासने शेजारी शेजारी आली. पुढे ईशान्य भारतासह अनेक राज्यांत काम पसरले, एचआयव्हीग्रस्तांपर्यंत पोचले, आणि २००९ मध्ये परेरांना पद्मश्री मिळाली. धर्मगुरूने चर्चच्या आवारात उभे केलेले काम पुण्याच्या योगगुरूची विद्या बिनदिक्कत उचलते, एवढ्यावरूनच या परंपरेची जात कळते: माणूस शुद्धीवर राहण्यासाठी जे उपयोगी पडेल ते घ्यायचे.

बारा पायऱ्यांचा इतिहासही हेच सांगतो. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी एकमेकांना सावरले आणि ही संघटना सुरू झाली, तेव्हा दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कात होते. आपल्या चुकांची झडती घेणे, ती दुसऱ्या माणसापुढे बोलणे, दुखावलेल्यांची भरपाई करणे आणि पुढच्या माणसाला मदत करणे ही शिस्त तिथून आली. १९३९ मध्ये पायऱ्या छापल्या गेल्या, तेव्हा मात्र देव कसा मानायचा हे ज्याच्या त्याच्यावर सोडण्यात आले. पंथ मागे राहिला, आचार टिकला. निवासी केंद्राचा दिवस याच आचाराभोवती रचलेला असतो. ठरल्या वेळी उठणे, आसने, झाडलोट आणि स्वयंपाकातला वाटा, मग मीटिंग आणि शेअरिंग. कित्येक वर्षांत ज्याने दिलेला शब्द पाळलेला नसतो, त्याला रोज चार माणसांसमोर छोटासा शब्द पाळावा लागतो. बरे झालेला जुना रुग्णच अनेकदा समुपदेशक असतो, त्यामुळे तिथे थापा फारशा चालत नाहीत.

पण माणूस केंद्रातून बाहेर पडतो, तो कुठे जातो? इथे कुटुंबाचा भाग सुरू होतो. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये मद्यपींच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन सुरू केले. नवऱ्याचे व्यसन हा बायकोचा दोष नाही, आणि ते तिच्या धाकाने किंवा रडण्याने सुटणारही नाही, हे तिला इतर बायकांच्या तोंडून ऐकायला मिळते. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभारलेले मुक्तांगण ख्रिस्ती नाही, तरी त्यांनाही रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट काढावा लागला. वेगवेगळ्या वाटांनी आलेले लोक एकाच ठिकाणी पोचले, याचा अर्थ ती गरज व्यसनाच्याच पोटातली आहे. वसईच्या ख्रिस्ती वस्तीत पॅरिश, शेजार, भाऊबंद असे जाळे पिढ्यान्‌पिढ्या विणलेले आहे. घरी परतलेल्या माणसावर दहा डोळे असतात. भिवंडीच्या कामगारावर असतात ते मुकादमाचे आणि उधारी मागणाऱ्याचे. त्याची पत्नी दर आठवड्याच्या मीटिंगला हजार-दीड हजार किलोमीटरवरून येणार कशी?

या मांडणीवर पहिला आक्षेप धर्माचा. मुस्लिम बहुसंख्य असलेल्या, १९७० आणि १९८४ च्या दंगलींच्या आठवणी बाळगणाऱ्या शहरात ख्रिस्ती संस्थेकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. व्यसनात खचलेला माणूस कोणाच्याही शब्दाला लवकर वश होतो, हेही खरे. म्हणून अट कडक हवी: प्रार्थना ऐच्छिक, नमाजाला जागा, आणि उपचार सोडण्याची मोकळीक. ही अट पाळणारी संस्था नाकारणे मात्र परवडणारे नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलेही उपचार मिळतात, आणि दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० जणांमागे एकाला.

दुसरा आक्षेप वैद्यकीय आहे आणि तो अधिक वजनदार आहे. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जातो. तिथे भजन किंवा बायबल पुरत नाही, डॉक्टर लागतो. अफूजन्य नशेत धोका उलट्या बाजूनेही येतो. काही महिने कोरडा राहिलेला माणूस जुन्या मात्रेने पुन्हा सुरू झाला, तर तीच मात्रा त्याला मारू शकते. म्हणून अफूजन्य नशेच्या उपचारातल्या ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाला ‘दुसरे व्यसन’ म्हणून हिणवणारे केंद्र धार्मिक असो वा निधर्मी, धोकादायकच. पण औषध आणि सोबत यांत भांडण लावण्याचे कारण नाही. वैद्यकीय संशोधनाच्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर व्यक्ती होत्या. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. डॉक्टर पहिला आठवडा निभावून नेतो. पुढची वर्षे माणसांच्या आधारावर काढावी लागतात.

तिसरा आक्षेप पोटाचा. मुक्तांगणमध्ये ३५ दिवस राहावे लागते. बारा पायऱ्यांची काही केंद्रे त्याहून लांब मुदत सांगतात. मीटरवर मजुरी घेणाऱ्याचा माग तेवढ्या दिवसांत दुसऱ्याच्या हाती जातो आणि गावची मनीऑर्डर थांबते. त्याला लवकर कामावर परतवण्याच्या घाईत काही नातेवाईक आणि मालक माणसाला बळजबरीने उचलून कोंडणाऱ्या केंद्रांकडे वळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्यसनाच्या आजारांनाही आपल्या कक्षेत घेतले आहे, केंद्रांना नोंदणी बंधनकारक केली आहे आणि संमतीविना दाखल करण्यावर मुदतीची व तपासणीची अट घातली आहे. तेव्हा घाई हे कोंडण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

या तिन्ही आक्षेपांतून भिवंडीसाठी संस्थेचे रूप ठरते. दाखल होण्याचा काळ छोटा आणि सरकारी रुग्णालयाशी बांधलेला. त्यानंतर कामावर जाता येईल अशी, नशामुक्त सहवासाची खोली. पाळी सुटण्याच्या वेळा धरून हिंदी, उर्दू, तेलुगू आणि मराठीत मीटिंग. आणि गावाकडच्या पत्नीसाठी फोनवर चालणारा गट. माग राखून ठेवणाऱ्या मालकालाही यात सहभागी करावे लागेल, कारण कुशल विणकर गमावणे त्यालाही महागच पडते. वांद्रे-वसईच्या कामातून चर्चची इमारत इथे आणायची नाही. आणायची आहे ती सावरलेल्या माणसाने पुढच्याला धरण्याची रीत. ज्याचे घर दूर आहे त्याला तेवढ्यापुरते घर देणे हाच उपचाराचा भाग मानला, तर ते काम चर्चने करावे, मशिदीच्या ट्रस्टने की कामगार संघटनेने, हा वाद दुय्यम ठरतो.