बेटांवरील विमानें आणि स्वस्ताईची किंमत

पॅसिफिक महासागरांत, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारें चोवीसशें मैलांवर, हवाई बेटांचा समूह आहे. त्यांतल्या मोलोकाई नांवाच्या बेटावर सुमारें सात हजार माणसें राहतात. तेथें एक लहानसें रुग्णालय आहे. परंतु हृदयाचें किंवा डोळ्यांचें मोठें दुखणें उद्भवलें, कीं रोग्याला बहुधा होनोलुलु शहरीं जावें लागतें. समुद्रावर सडक नाहीं, आणि मोलोकाईहून शेजारच्या माऊई बेटाकडे जाणारी उतारूंची बोटही २०१६ सालीं बंद पडली. राहिलें तें विमान. आपल्याकडे एखादी मोटार चुकली तर मागून दुसरी येते, निदान शेजारच्या गांवापर्यंत पायीं जातां येतें. मोलोकाईच्या रोग्याचें विमान रद्द झालें, तर त्या दिवशीं त्याला डॉक्टर भेटत नाहीं. मग कित्येक आठवड्यांपूर्वीं ठरवून घेतलेली वेळ फुकट जाते.

अशा ठिकाणीं विमान ही श्रीमंतांची चैन नव्हे. ती सडकच होय. परंतु ही सडक कंपन्यांच्या मालकीची आहे, आणि १९८० नंतरच्या काळांत त्यांतल्या अनेक कंपन्या एकामागून एक बुडाल्या. असें कां व्हावें? आणि भाडें उतरलें म्हणून आनंद मानणारा उतारू शेवटीं खरोखर फायद्यांत राहतो काय? हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम थोडा पूर्ववृत्तांत सांगणें जरूर आहे. ह्या बेटांमधील वाहतूक पूर्वीं आगबोटींनीं होत असे. त्या आगबोटी चालविणाऱ्या कंपनीनेंच १९२९ सालीं ‘इंटर-आयलंड एअरवेज’ ही विमान-कंपनी काढली. त्याच वर्षीं ११ नोव्हेंबर रोजीं, पाण्यावर व जमिनीवर दोन्हीकडे उतरूं शकणाऱ्या सिकॉर्स्की विमानांनीं होनोलुलुहून हिलो गांवाकडे नियमित फेऱ्या सुरू झाल्या. १९४१ सालीं ह्या कंपनीनें ‘हवाईयन एअरलाइन्स’ हें नांव घेतलें. पुढें १९४६ सालीं रडी टाँग नांवाच्या चिनी वंशाच्या एका प्रकाशकानें, युद्धांतून उरलेलीं जुनीं डी. सी. ३ विमानें घेऊन, दुसरी कंपनी उभी केली. आशियाई वंशाच्या बेटवासीयांना समान वागणूक मिळत नाहीं, ही त्या काळची तक्रार तिच्या जन्माचें एक मोठें कारण होती. म्हणून लोक तिला ‘लोकांची विमान-कंपनी’ म्हणत. १९४९ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांच्या संमतीनें तिला नियमित सेवेचा परवाना मिळाला, आणि पुढें ‘अलोहा’ ह्या नांवानें ती प्रसिद्धीस आली.

तेव्हां स्पर्धा मुळांतच वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. अलोहा जन्मली नसती, तर हवाईयन कंपनीला उतारूंची पर्वा करण्याचें फारसें कारण उरलें नसतें. मात्र त्या काळीं ह्या स्पर्धेला एक कुंपण होतें. कोणत्या मार्गावर कोणी उडावें आणि भाडें किती घ्यावें, हें अमेरिकेचें सरकारी मंडळ ठरवीत असे. १९७८ च्या कायद्यानें हें कुंपण काढून टाकण्यांत आलें. ज्याच्याजवळ विमान व परवाना आहे, त्यानें हव्या त्या मार्गावर, हव्या त्या भाड्यानें उडावें, असा नवा नियम झाला.

ह्याचा परिणाम समजण्यासाठीं विमानाच्या हिशेबाकडे थोडें पाहिलें पाहिजे. विमानांतील आसन हा माल भाजीवाल्याच्या मेथीपेक्षांही नाशिवंत आहे. न खपलेली मेथीची जुडी संध्याकाळीं निम्म्या भावानें तरी जाते. पण विमान धांवपट्टी सोडून वर गेलें, कीं रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. शिवाय उडायचेंच ठरल्यावर एक उतारू अधिक घेतला म्हणून खर्च फारसा वाढत नाहीं. त्यामुळें ‘रिकामें जाण्यापेक्षां मिळेल तें घ्या’ असा मोह प्रत्येक कंपनीला होतो. एका आसनापुरता हा विचार बरोबर आहे. परंतु सगळींच आसनें ह्या भावानें विकलीं गेलीं, तर विमानाचें कर्ज, वैमानिकांचे पगार आणि इंधनाचें बिल कोठून भागवावयाचें?

बेटांच्या बाबतींत ह्या अडचणींत आणखी एक भर पडते. होनोलुलु ते माऊई हें अंतर सुमारें शंभर मैलांचें. म्हणजे प्रवास अर्ध्या तासाचा. विमानाला वर चढतांना इंधन सर्वांत अधिक लागतें, आणि येथें तर चढणें संपतें न संपतें तोंच उतरणें सुरू होतें. प्रत्येक उड्डाणागणिक विमानाच्या पोटांत हवेचा दाब भरतो आणि ओसरतो, आणि त्या ताणानें पत्रा थकतो. दूरच्या प्रवासाचें विमान दिवसांतून दोन-चारदां हा ताण सोसतें. बेटांमधलें विमान अनेकपट अधिक वेळां सोसतें.

ह्याचा भयंकर दाखला २८ एप्रिल १९८८ रोजीं मिळाला. हिलोहून होनोलुलुस निघालेल्या अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाचें छत चोवीस हजार फुटांवर पुढच्या भागांत फाटून उडून गेलें. एक विमानसेविका बाहेर फेकली जाऊन मृत्यु पावली. वैमानिकांनीं तें उघडें विमान माऊईच्या काहुलुई विमानतळावर सुखरूप उतरविलें, म्हणून बाकीचे ९४ जण वाचले. त्या विमानानें १९ वर्षांत ८९,६८० उड्डाणें केलीं होतीं. खाऱ्या हवेनें आणि वारंवारच्या ताणानें पत्र्याचे सांधे सुटले होते, आणि कंपनीच्या तपासणींत हा बिघाड लक्षांत आला नव्हता, असें चौकशींत आढळलें. ह्या अपघातानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम सर्वत्र कडक झाले. तात्पर्य, लहान पल्ल्याची वाहतूक दिसते तेवढी स्वस्त नाहीं. देखभालीचा खर्च टाळतां येत नाहीं, आणि तो टाळूं नये, हेंच उतारूच्या हिताचें आहे.

१९७८ नंतर नव्या कंपन्या मैदानांत उतरूं लागल्या. मिड पॅसिफिक एअर १९८१ सालीं आली आणि १९८८ सालीं तिची उतारू-वाहतूक संपली. १९९० सालीं आलेली डिस्कव्हरी एअरवेज कांहीं महिन्यांतच थांबली. १९९३ सालीं महालो एअर आली, ती १९९७ सालीं गेली. प्रत्येकीचा मार्ग तोच: स्वस्त भाडें लावून प्रवेश करावयाचा. जुन्या दोघी नाइलाजानें भाडीं उतरवीत, तोटा तिघींनाही होई, आणि ज्या कंपनीची थैली आधीं रिकामी होई ती मरे. जुन्याही निर्धोक राहिल्या नाहींत. हवाईयन कंपनीनें १९९३ सालीं दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. त्यांतच अमेरिकेहून येणारीं मोठीं विमानें होनोलुलुस न थांबतां थेट माऊई किंवा काउआई बेटांवर उतरूं लागलीं, आणि तेवढे प्रवासी बेटांमधल्या कंपन्यांच्या हातून गेले.

येथें अमेरिकन दिवाळखोरीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या मनांत दिवाळें म्हटलें कीं दुकानाला लागलेलें कुलूप येतें. तिकडे तसें नाहीं. कंपनी न्यायालयाच्या संरक्षणाखालीं चालूच राहते, धनकोंना थांबावें लागतें, जुने करार बदलतां येतात, आणि कर्जाचें ओझें हलकें करून कंपनी पुन्हा बाहेर येते. पण ह्याचा अर्थ असा, कीं जी कंपनी प्रामाणिकपणें सगळें देणें देत असते, तिला कर्जमुक्त झालेल्या प्रतिस्पर्ध्याशीं झुंजावें लागतें. हवाईयन २००३ ते २००५ ह्या काळांत, आणि अलोहा २००४ च्या अखेरीपासून २००६ च्या प्रारंभापर्यंत, ह्या संरक्षणाखालीं होती. त्यापूर्वीं दोघींनीं एक होण्याचा बेत २००१ च्या डिसेंबरांत जाहीर केला होता. तो २००२ च्या मार्चमध्यें मोडला.

अशा अशक्त अवस्थेंत २००६ च्या जूनमध्यें तिसरा खेळाडू आला. अमेरिकेंतील मेसा कंपनीनें ‘गो’ नांवाची सेवा सुरू केली आणि भाडें लावलें ३९ डॉलर. पुढें तें १९ डॉलरपर्यंतही उतरलें. बेटवासीयांना हर्ष झाला, आणि तो स्वाभाविक होता. लेकरांना घेऊन आजीला भेटावयास जाणाऱ्या कुटुंबाला चार तिकिटांत वांचलेले पैसे कांहीं थोडे नव्हते. परंतु ह्या स्वस्ताईच्या मुळाशीं काय होतें, तें न्यायालयांत उघड झालें. हवाईयन दिवाळखोरींत असतांना मेसानें भांडवल घालण्याच्या इराद्यानें तिची गुप्त कागदपत्रें पाहिलीं होतीं, आणि त्यांचा दुरुपयोग करून हा धंदा उभारला, असा आरोप होता. २००७ सालीं न्यायाधीशांनीं मेसाला आठ कोटि डॉलर भरपाई देण्याचा हुकूम केला. पुढें सव्वा पांच कोटि डॉलरवर तडजोड झाली.

तोंपर्यंत अलोहाची शक्ति संपली होती. २००८ च्या प्रारंभीं तेलाचा भाव पिंपामागें शंभर डॉलरांच्या वर गेला. २० मार्च २००८ रोजीं अलोहा पुन्हा न्यायालयांत गेली, आणि ३१ मार्च रोजीं तिचीं उतारू-विमानें कायमचीं थांबलीं. एकसष्ट वर्षांची ‘लोकांची विमान-कंपनी’ गेली आणि सुमारें १९०० माणसांचा रोजगार गेला. चालकांनीं ह्या नाशाचें खापर ‘गो’च्या तोट्यांतील भाड्यांवर फोडलें. त्यानंतर भाडीं पुन्हा चढलीं. खुद्द मेसा २०१० सालीं दिवाळखोरींत गेली, आणि २०१४ च्या एप्रिलमध्यें ‘गो’ही बंद झाली. जिनें युद्ध आरंभिलें तीही उरली नाहीं, आणि जी त्या युद्धांत पडली ती परत आली नाहीं.

कोणी विचारील, कीं मग समुद्रमार्ग कां नको? तोही प्रयोग झाला. २००७ सालीं मोटारींसह उतारू नेणारी ‘सुपरफेरी’ नांवाची वेगवान बोट सुरू झाली. परंतु पर्यावरणाची पाहणी पुरी होण्याआधींच तिला चालूं देणारा खास कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें अवैध ठरविला, आणि २००९ च्या मार्चमध्यें ती थांबली. विमानाशिवाय गति नाहीं, हें पुन्हा एकदां सिद्ध झालें.

पुढची कथा थोडक्यांत सांगतों. आयलंड एअर ही जुनी, लहान कंपनी २०१७ च्या नोव्हेंबरमध्यें बंद पडली. २०१९ सालीं साउथवेस्ट ही अमेरिकेंतील बलाढ्य कंपनी बेटांमधल्या मार्गांवर उतरली, आणि कांहीं काळानें पुन्हा ३९ डॉलरचा आंकडा जाहिरातींत झळकूं लागला. साउथवेस्टची थैली खोल, हवाईयनची उथळ. त्यांत करोनाची साथ आणि २०२३ च्या ऑगस्टमध्यें माऊईच्या लाहाइना गांवाला लागलेली भीषण आग, असे दोन तडाखे बसले. २०२३ ह्या एका वर्षांत हवाईयनला सुमारें सव्वीस कोटि डॉलरांचा तोटा झाला. अखेर अलास्का एअरलाइन्सनें, नव्वद कोटि डॉलरांचें कर्ज धरून, सुमारें १९० कोटि डॉलरांना ती विकत घेतली. २०२४ च्या सप्टेंबरमध्यें हा व्यवहार पुरा झाला. संमति देतांना सरकारनें बेटांमधली सेवा पुरेशा प्रमाणांत चालू ठेवण्याची अट घातली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां पुन्हा मोलोकाईकडे वळूं. ह्या सगळ्या युद्धांत तोफा वाजल्या त्या होनोलुलु, माऊई, हिलो अशा मोठ्या मार्गांवर. लहान बेटांसाठीं कोणी लढलें नाहीं. हवाईयन कंपनीच्या लहान विमानांची मोलोकाई व लानाई येथील सेवा २०२१ सालीं थांबली, आणि तीं बेटें मुख्यत्वेंकरून मोकुलेले नांवाच्या कंपनीच्या नऊ आसनांच्या विमानांवर अवलंबून राहिलीं. मोठ्या मार्गावरच्या नफ्यांतून लहान मार्गाचा तोटा भरून काढणें, ही जुनी रीत होती. भाड्याच्या युद्धांत पहिला बळी जातो तो ह्या रीतीचा. कारण मोठ्या मार्गावर नफाच उरत नाहीं.

ह्यावर उपाय काय? एकाच कंपनीला मक्ता द्यावा, असें मी म्हणत नाहीं; १९४६ पूर्वींचा अनुभव त्याविरुद्ध आहे. पण स्पर्धा भाड्यापुरतीच असून भागत नाहीं; टिकून राहण्याची जबाबदारीही तिच्याबरोबर आली पाहिजे. अमेरिकेंत १९७८ पासूनच ‘अत्यावश्यक विमानसेवा’ ही योजना आहे. जेथें नफा नाहीं अशा गांवीं ठराविक फेऱ्या चालविणाऱ्या कंपनीस सरकार पैसा देतें. उंच कड्यांनीं बाकीच्या बेटापासून तुटलेल्या मोलोकाईच्याच कालाउपापा वस्तीला तिचा लाभ मिळत आला आहे. सडक बांधावयास सरकार पैसा खर्च करतें, तेव्हां आपण त्याला उधळपट्टी म्हणत नाहीं. मग बेटवासीयांच्या सडकेलाच तेवढा बाजाराचा नियम कां लावावा?

१९ डॉलरचें तिकीट मिळालें तेव्हां बेटवासीयांना वाटलें, आपले पैसे वांचले. ते खरोखरच वांचले. पण उरलेली किंमत दुसऱ्यांनीं भरली. अलोहाच्या कामगारांनीं ती नोकऱ्या गमावून भरली, पुढच्या उतारूंनीं चढ्या भाड्यानें भरली, आणि लहान बेटांवरच्या रोग्यांनीं फेऱ्या गमावून भरली. तेव्हां तिकिटावरचा आंकडा पाहतांना एक प्रश्न नेहमीं विचारावा: हें विमान पुढच्या वर्षींही उडेल काय? मोलोकाईच्या रोग्याला स्वस्त विमानापेक्षां अधिक निकड आहे ती उद्यां सकाळीं ठरल्या वेळीं येणाऱ्या विमानाची.