आपल्या कामाचा भोंगा आपणच वाजवावा

पैशाचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. तासांचा हिशेब विचारला तर मात्र बहुतेक दुकानदार बंधूंकडे त्याची वही नसते. सकाळी गाळा उघडला, रात्री शटर ओढले. मधले बारा तास कुठे गेले ते सांगता येत नाही. मेहनत कमी पडते असे नाही. एक काम हातात असताना दुसरे येऊन बसते, हे खरे दुखणे आहे.

आमच्या कापड धंद्यात याचा एक जुना धडा आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारची अर्धा तास विश्रांतीही होती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरवून दिले की पाच तासांहून जास्त सलग काम घ्यायचे नाही, मध्ये निदान अर्धा तास सुट्टी द्यायची. माणसाचे लक्ष आणि हात यांना हद्द असते, हे यातून मान्य झाले.

छोटा दुकानदार, शिंपी, जरीकाम करणारा कारागीर हा मात्र स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार. त्याच्यासाठी भोंगा वाजत नाही. आमच्या मोरव्यासारख्या गावात तर अनेकांचे घर आणि काम एकाच छपराखाली असते. शेजारी सहज डोकावतो, पाहुणा येतो, मोबाईल दर पाच मिनिटांनी बोलावतो. म्हणून आपला भोंगा आपणच वाजवावा लागतो.

त्याची एक सोपी रीत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी बसवली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॉलेजात शिकताना त्यांचे अभ्यासात मन लागेना. त्यांनी स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ घेतले आणि ते वाजेपर्यंत एकच काम करायचे ठरवले. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात. तेच नाव या रीतीला पडले. पंचवीस मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे विश्रांती. असे चार फेरे झाले की पंधरा ते तीस मिनिटांची मोठी सुट्टी. मध्येच दुसरे काम आठवले तर ते कागदावर टिपायचे, उठायचे नाही.

याचा फायदा काय? अमेरिकेतील सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की अर्धे काम टाकून दुसरे घेतले, तर मनाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. कटिंग मास्तरला हे वेगळे सांगायला नको. थर लावताना फोन घेतला आणि माप चुकले, तर कात्री फिरलेला कपडा पुन्हा जुळत नाही.

आता कोणी म्हणेल, दारात आलेल्या गिऱ्हाइकाला पंचवीस मिनिटे थांबवायचे काय? मुळीच नाही. गिऱ्हाईक हेच दुकानाचे काम. ही रीत हिशेब, उधारीची यादी, मालाची मोजणी अशा बैठ्या कामांसाठी ठेवावी. त्यासाठी गर्दी नसलेली वेळ निवडावी, किंवा तेवढा वेळ गल्ल्यावर मुलाला बसवावे. जीएसटीचे मासिक विवरण भरणाऱ्यांनी पाहावे: विक्रीचे विवरण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचे २० तारखेपर्यंत द्यावे लागते. उशिरा भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज लागते. रोज एक फेरा बिलांना दिला, तर शेवटच्या रात्रीची धावपळ टळते.

कारागिराने घड्याळापेक्षा नग धरावा. एक गळा, एक बाही पुरी झाल्यावरच मान वर करावी. मग डोळे मिटून पाच मिनिटे बसावे. नमाजी बंधूंच्या दिवसात जोहर आणि असरचा थांबा आधीच आहे. त्या दोहोंमध्ये किती फेरे बसतात, तेवढे मोजावे.

सुरुवात एकाच फेऱ्याने करावी. फोन आवाज बंद करून दुसऱ्या खोलीत किंवा गल्ल्याच्या खणात ठेवावा. फेरा पुरा झाला की वहीत एक रेघ ओढावी. मध्येच मोडला तर रेघ ओढू नये. आठवड्याने रेघा मोजल्या की दिवस कुठे जातो ते आपोआप दिसेल. आणि ज्याचा हिशेब दिसतो, ती गळती बंद करता येते, हे व्यापाऱ्याला दुसऱ्याने शिकवायला नको.