गाडी बिघडली नव्हती, पेट्रोल उकळलं होतं

बऱ्याच जणांनी विचारलं, त्या जुन्या गाडीनं वरणगावहून कोलकात्याला खरंच गेलात का? गेलो. पण नांदुऱ्यावरूनच परत फिरणार होतो. आज त्याचीच गोष्ट.

पप्पा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांचं ट्रेनिंग कोलकात्याजवळ इच्छापूरला झालं होतं. तिथलं गेट परत बघायचं, तेही स्वतःच्या गाडीनं, हा त्यांचा हट्ट. रस्ता तर गावाजवळूनच जातो: जुना हायवे नंबर ६, हजिरा ते कोलकाता. आपल्याकडे आता तो ५३. अंतर साधारण दीड हजार किलोमीटर. गाडी १९९७ची, कार्ब्युरेटरवाली, रजिस्ट्रेशन संपायला दोन महिने. पुढच्या वेळी ती पास होईल असं मला वाटत नव्हतं. म्हणून भर मे महिन्यात निघालो.

नांदुऱ्याला १०५ फुटी हनुमानाजवळ चहाला थांबलो. दहा मिनिटांनी स्टार्टर मारला, तर इंजिन फुरफुरलं आणि बंद. माझं इंजिनिअर डोकं एरर कोड शोधायला लागलं. अरे, पण या गाडीत कॉम्प्युटरच नाही! मी फोनवर टोइंगवाला शोधत म्हटलं, "पप्पा, ट्रेननं जाऊ."

ते काही बोलले नाहीत. फडका ओला केला, पिळला आणि इंजिनच्या कडेला असलेल्या पेट्रोल पंपावर ठेवला. "थांब जरा. तिले थंड होऊ दे."

याला व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोल म्हणजे अनेक द्रव्यांचं मिश्रण. त्यातली हलकी द्रव्यं ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात. गाडी चालू असताना वारा लागतो, टाकीतून ताजं पेट्रोल येत राहतं. थांबलो की दोन्ही बंद, आणि ९० अंशांच्या आसपास तापलेलं इंजिन बॉनेटखाली सगळं भाजत बसतं. त्यात हा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना दाब कमी होतो, म्हणून ते आणखी लवकर उकळतं. मग पंपात वाफ भरते. पातळ पेट्रोल ढकलायला बनवलेला पडदा वाफ नुसती दाबतो आणि सोडतो, पुढे काहीच जात नाही. नळीत हवा धरली की शेतातली मोटर कशी नुसतीच फिरते, तसं.

नव्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो, त्यामुळे हा त्रास क्वचितच होतो.

एक सांगतो, पाणी थेट तापलेल्या इंजिनवर ओतू नका, फक्त पंपावर ओला फडका. पेट्रोलचा वास येत असेल तर तेही नको, आधी गळती बघा. आणि टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेला असेल तर ते वेगळं दुखणं आहे. गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.

पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली. पुढे आम्ही पहाटे चारला निघायचो आणि अकराला सावली धरायचो. अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर... फडका चार वेळा लागला.

पाचव्या दिवशी इच्छापूर. पप्पा उतरले, आधी बॉनेट उघडून पंपाला हात लावून बघितला, आणि मग गेटकडे चालत गेले.