कॉलेजची पोरं गावात आली, की त्यांना गोबरगॅस दाखवा



थंडी पडली, की राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं गावोगाव सुरू होतात. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. शिबिर सात दिवसांचं असतं. मुलं-मुली शाळेत उतरतात, रस्ते झाडतात, बंधारा घालतात, रात्री पथनाट्य करतात. हे सगळं चांगलंच आहे. पण रस्ता झाडायला कॉलेजात शिकलेलं पोर कशाला हवं? त्याला हिशेब येतो, मोजमाप येतं, वही लिहिता येते. तेच काम त्याच्याकडून करून घ्यावं.

आणि असं काम पुष्कळ गावांत पडून आहे. गोठ्याच्या मागं गोबरगॅसची टाकी आहे, तिच्यावर कारल्याचा वेल चढलाय. शेगडी फडताळावर धूळ खातेय, आणि घरची बाई पुन्हा चुलीपुढं डोळे चोळीत बसली आहे. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "गॅस पुरत नव्हता, सोडून दिला."

का पुरत नव्हता, ते पाहू. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण हवं. एका माणसाच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला पाव घनमीटर किंवा थोडा जास्त गॅस लागतो, म्हणून एवढं संयंत्र सहा-सात माणसांच्या घराला पुरतं. आता घरधनी काय करतो? दावणीची जनावरं मोजतो. पाच जनावरं, दर जनावरामागं दहा किलो, झाले ५० किलो! पण जनावरं दिवसभर चरायला जातात. दिवसाचं शेण माळावर पडतं, गोठ्यात पडतं ते रात्रीचं. त्यातून चार गोवऱ्या थापल्या जातात, थोडं सारवायला जातं.

इथं पोरांना कामाला लावा. एक स्प्रिंगचा काटा, एक पाटी आणि वही एवढंच सामान पुरे. रोज सकाळी गोठ्यातलं शेण तोलायचं आणि लिहायचं, असं सातही दिवस. शिबिर सात दिवसांचं आहे, हे या कामाला सोयीचंच. समजा, सरासरी २८ किलो भरली. २८ गुणिले ४० म्हणजे ११२० लिटर, एक घनमीटरहून थोडा जास्त. अशा घराला १ घनमीटरचंच संयंत्र योग्य, त्यावर तीन-चार माणसांचा स्वयंपाक होईल. तिथं २ घनमीटरचं बांधलं, तर खर्च जास्त आणि टाकी कायम अर्धपोटी. मग दोष संयंत्राला! नवीन बांधणाऱ्यानं तर हा सात दिवसांचा हिशेब झाल्याशिवाय खड्डाच खणू नये.

शेणाइतकंच पाणी लागतं, हेही वहीत यावं. ५० किलो शेण कालवायला ५० लिटर पाणी, म्हणजे तीन-साडेतीन हंडे रोज. ते कोण आणतं? हा प्रश्न पुरुषांना विचारून उपयोग नाही. शिबिरातल्या मुलींनी घरातल्या मावशींजवळ, वहिनींजवळ बसून विचारावं. सरपणाची मोळी वाचली, पण डोक्यावर तीन हंडे वाढले, तर त्या बाईच्या दृष्टीनं गॅस कसला? उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या वस्तीवर संयंत्राची घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाणी असेल तिथं मात्र कालवण्याची टाकी पाण्याच्या आणि गोठ्याच्या जवळ असावी. साबणाचं किंवा फिनेलचं पाणी शेणकाल्यात घालू नये, त्यानं गॅस करणारे जिवाणू मरतात.

हे जिवाणू हवा नसलेल्या जागी राहतात आणि ऊब मागतात. ३० ते ३५ अंशांत ते जोमानं काम करतात, थंडीत मंदावतात. म्हणून शिबिराची पोरं येतात त्याच दिवसांत गॅस सगळ्यात कमी, आणि तक्रारी सगळ्यात जास्त. पोरांनी हे ध्यानात ठेवूनच लिहावं. उन्हात तापलेल्या पाण्यानं शेण कालवलं आणि संयंत्राभोवती काड-पेंढा रचला, तर थोडा फरक पडतो.

बंद पडलेल्या संयंत्राची तपासणी शेगडीपासून सुरू करावी. बर्नरची भोकं खरकट्यानं बुजलेली असतात, ती तारेनं मोकळी करावीत. ज्योत निळी हवी. पिवळी, लांब आणि काजळी धरणारी असेल, तर हवा कमी पडतेय. ज्योत फडफडत असेल, तर नळीत पाणी साचलंय, ते सखल जागेच्या तोटीतून काढून टाकावं. मग नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून पाहावा. बुडबुडा आला, की गळती सापडली. काडी ओढून गळती शोधू नये, कधीच नाही!

खादी ग्रामोद्योगच्या पद्धतीत लोखंडी झाकण तरंगतं. ते गंजतं, म्हणून रंग द्यावा लागतो. १९८४ साली आलेल्या दीनबंधू पद्धतीत झाकण नाही, विटांचा घुमट आहे. त्याला गंज नाही, पण चीर पडली तर जाणता गवंडीच हवा. पोरांनी तिथं थापी हातात घेऊ नये. रसायनशास्त्राचा विद्यार्थी असेल, तर त्यानं बाहेर येणाऱ्या स्लरीत पीएचची पट्टी बुडवावी. साताच्या आसपास ठीक. साडेसहाच्या खाली गेली, तर आत आंबट झालंय, चार दिवस भरणा थांबवावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संयंत्राच्या आत, किंवा स्लरीच्या खड्ड्यात, कोणीही उतरायचं नाही. पोरांनी नाही, तुम्हीही नाही. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो, आणि दोन श्वासांत माणूस कोसळतो. एप्रिल २०२४ मध्ये नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी, शेणाची स्लरी साठलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, असं करता करता पाच माणसं गेली. गाळ काढायचाच असेल, तर तो वरून, बादलीनं किंवा पंपानं काढावा. बंद खड्डे झाकून ठेवावेत. शिबिरातल्या मास्तरांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

बंद संयंत्र पुन्हा भरलं, की सात दिवसांत चूल विझेल, अशी आशा धरू नये. आपल्याकडच्या हवेत शेण आत साधारण ४० दिवस राहावं लागतं. चालू संयंत्रातली चार घमेली स्लरी विरजणासारखी घातली, तर लवकर जमतं. पहिला गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो सोडून द्यावा आणि पुढचा शेगडीवरच पेटवून पाहावा, टाकीजवळ नव्हे. म्हणजे ज्या पोरांनी भरणा केला, त्यांना ज्योत दिसायची असेल, तर शिबिर उठल्यावर दीड महिन्यानं परत यावं लागेल. मास्तरांकडून तसा शब्द घ्या. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम दाखवायचं असतंच, त्यातला एक रविवार गावासाठी निघेल. जाताना वही मात्र गावातच ठेवून घ्यावी. पोरं दरवर्षी बदलतात, टाकी तीच राहते.

एकच गाय असलेल्या घरानं मन खट्टू करू नये. पुण्याच्या आरती संस्थेनं खरकटं, खराब पीठ, सडकी फळं यांच्यावर चालणारं लहान संयंत्र तयार केलं. त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शिबिराच्या स्वयंपाकघरातच रोज किती खरकटं निघतं, ते पोरांनी तोलून पाहावं.

नवीन संयंत्राच्या अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात, बांधकामाला हात घालण्याआधी करावी. जाताना सात दिवसांच्या वजनांची वही बरोबर न्यावी.