ताण जन्माआधीपासून मोजावा

परवा माझ्याच वयाचे एक शेतकरी दवाखान्यात आले. अंगाने काटकुळे, दिवसभर राबणारे, पण साखर अडीचशेच्या वर. "डॉक्टर, मधुमेह लठ्ठ माणसाला होतो ना? मला कसा?" सोबत त्यांच्या आई होत्या. त्यांना विचारले, "आजी, हे पोटात असताना तुम्ही काय करत होता?" आजी म्हणाल्या, "बहात्तरचा दुष्काळ व्हता. खडी फोडीत व्हते. सुकडीवर दिस काढले."

वाचकहो, ताण म्हटले की आपल्याला कर्ज, कोर्टकचेरी, मुलीचे लग्न आठवते. पण अर्धपोटी राहणे, झेपत नसताना राबणे हाही शरीराच्या लेखी ताणच, आणि त्याची नोंद गर्भापासून होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. दिवस जाण्याआधीपासून बायांची तपासणी केली, पुढे मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. पूर्ण दिवसांच्या बाळाचे सरासरी वजन भरले २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळाचे ३.५ किलो. गंमत अशी, की आपली बाळे स्नायूंनी बारीक असली तरी त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पोटात अन्न कमी पडले की गर्भ आधी मेंदू जपतो आणि स्नायू, स्वादुपिंड यांत काटकसर करतो. पुढे बसून खाणे वाढले, काळजी लागली, की हा काटकसरीचा संसार कोलमडतो. काळजीने कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते व साखर, रक्तदाब चढवते. घटकाभर वाढले तर ते कामाचेच, महिनोन्‌महिने वाढलेले राहिले की घात. अर्थात आनुवंशिकताही असतेच, सगळा दोष दुष्काळावर टाकता येत नाही.

याच अभ्यासात दिसले, की गरोदरपणी पाणी वाहणे, शेतकाम अशी जड कामे जास्त करणाऱ्यांची बाळे हलकी होती. पालेभाजी, फळे, दूध वरचेवर खाणाऱ्यांची भारी.

आमच्या सोनईत कारखान्याचा हंगाम लागला, की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. सातव्या महिन्यातली बाई डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढताना मी पाहिली आहे. ती बसली तर कोयता अर्धा होतो, उचल फिटत नाही. मी मुकादमाशी भांडतो. कधी ऐकतो, बहुधा नाही.

तरी जन्मवेळचे वजन म्हणजे ललाटलेख नव्हे. हवाई बेटांतील कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या सुमारे ७०० मुलांचा एमी वर्नर यांनी चाळिशीपर्यंत माग ठेवला. गरिबी, दारू, घरातली भांडणे यांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली कर्ती निघाली. त्यांना जीव लावणारे निदान एक माणूस लाभले होते, पुष्कळदा आजी किंवा आजोबा. वाट चुकलेल्यांपैकीही बरेच जण पुढे शिक्षण किंवा चांगला जोडीदार मिळून सावरले. तोडीला जाताना पोर ज्या म्हातारीजवळ ठेवतात, ती काही रिकामी बसलेली नसते.

बारीक आहोत म्हणून निर्धास्त राहू नका, तिशीनंतर साखर व रक्तदाब तपासून घ्या. त्या शेतकऱ्यांना गोळ्या, पथ्य सांगितले. त्यांच्या सुनेला पाचवा महिना आहे. तिची लोहाची गोळी विचारली, तर आजीच बोलल्या, "गोळी खाती. आन्‌ हंडा ह्यो भरतो आता." लेक खाली बघून हसले.