तारा फुटला कधी आणि आपल्याला दिसला कधी?

२०१९ च्या शेवटी मृग तारकासमूहातला काक्षी, म्हणजेच बीटलज्यूस, हा लालसर तारा मंद व्हायला लागला. 'तारा फुटणार' अशा पोस्ट फिरल्या आणि सोबत एक प्रश्नही आला: तो आधीच फुटून गेला असेल तर? चला, याचं उत्तर शोधूया.

मी सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर काम करते. तिथे मेसेजच्या दोन वेळा नोंदवतात: पाठवल्याची आणि पोचल्याची. तुमचा फोन रात्रभर बंद असेल, तर मित्राने रात्री दहाला पाठवलेला मेसेज तुम्हाला सकाळी सातला मिळतो. म्हणून तो सातला लिहिला असं होत नाही ना? आकाशाचंही तसंच आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे. प्रचंड, पण अमर्याद नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट थोडी उशिराच कळते:

- जीपीएस उपग्रह: सुमारे ०.०७ सेकंद (या उशिरावरूनच फोन उपग्रहाचं अंतर काढतो)
- चंद्र: सुमारे १.३ सेकंद
- सूर्य: सुमारे ८ मिनिटं २० सेकंद
- मंगळ: जवळ-दूर असेल तसं ३ ते २२ मिनिटं
- देवयानी दीर्घिका: सुमारे २५ लाख वर्षं

आता एक खराखुरा स्फोट बघा. २४ फेब्रुवारी १९८७ ला चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत इयान शेल्टन यांना फोटोत एक नवा तेजस्वी ठिपका दिसला. मोठ्या मॅगेलनिक मेघातला एक तारा फुटला होता. त्याला नाव मिळालं सुपरनोव्हा १९८७ए. पण हा मेघ सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूर आहे! तारा प्रत्यक्ष फुटला तेव्हा पृथ्वीवर शेतीही सुरू झाली नव्हती. म्हणजे नावातलं १९८७ ही पोचल्याची वेळ आहे. शास्त्रज्ञ तीच वापरतात, कारण ती नेमकी मोजता येते. अंतराच्या अंदाजात जरा फरक पडला, तर पाठवल्याची वेळ हजारो वर्षांनी सरकते.

गंमत म्हणजे, प्रकाश दिसायच्या काही तास आधीच न्यूट्रिनो नावाचे कण जपानच्या कामिओकांडे प्रयोगात नोंदले गेले होते. ते प्रकाशापेक्षा जोरात धावले का? नाही. ते ताऱ्याच्या गाभ्यातून लगेच निसटले. स्फोटाचा धक्का पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागला, म्हणून प्रकाश मागून निघाला.

आता काक्षीकडे येऊ. तो २०२० मध्ये पुन्हा उजळला. त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेला धुळीचा ढग आड आला होता. हा तारा काहीशे प्रकाशवर्षं दूर आहे. प्रकाशापेक्षा वेगाने कुठलीच बातमी येऊ शकत नाही, त्यामुळे 'आत्ता' तिथे काय चाललंय हे कोणीच सांगू शकत नाही. पण अंदाज बांधता येतो. तो पुढच्या सुमारे १ लाख वर्षांत कधीतरी फुटेल असं मानतात. त्यातली काहीशे वर्षं म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे तो अजून शाबूत असण्याचीच शक्यता जास्त.

त्यामुळे 'अमुक तारा आज फुटला' अशी बातमी दिसली, की फॉरवर्ड करण्याआधी विचारा: ही वेळ पाठवल्याची की पोचल्याची?