सात वर्षं रांगणारा राजा

'लायन किंग' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सिम्बा येणार, हे नक्की. डिस्नेचा तो सिनेमा आला १९९४ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी डेव्हिड विस्निएव्स्की यांनी मुलांसाठी एक चित्रपुस्तक केलं होतं, 'सुंदियाता: लायन किंग ऑफ माली'. त्यातला 'सिंह' माणूस आहे आणि गोष्ट सुरू होते तेव्हा त्याला चालताही येत नाही.

सुंदियाता केइता हा खराखुरा राजा. तेराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेतलं माली साम्राज्य त्याने उभं केलं. पण त्याची गोष्ट शेकडो वर्षं जगली ती ग्रिओंच्या तोंडी. ग्रिओ म्हणजे तिथले पिढीजात कथेकरी. कोरा नावाचं तंतुवाद्य किंवा बालाफोन वाजवत ते राजांच्या वंशावळी आणि लढाया सांगतात. हा वारसा बापाकडून मुलाकडे जातो. गिनीचे इतिहासकार जिब्रिल तामसिर नियान यांनी मामादू कुयाते या ग्रिओकडून ही कथा ऐकली आणि १९६० मध्ये ती पुस्तकात आणली.

गोष्ट अशी. राजाला भविष्य सांगितलेलं असतं, की सोगोलोन नावाच्या कुबड असलेल्या बाईशी लग्न कर, तिचा मुलगा मोठा राजा होईल. मुलगा होतो खरा, पण सात वर्षांचा झाला तरी रांगतच असतो. मोठी राणी सासुमा टोमणे मारायची एकही संधी सोडत नाही. एक दिवस सोगोलोन तिच्याकडे भाजीसाठी गोरखचिंचेची पानं मागते. (आपल्या मुंबईत बुंध्याने अवाढव्य अशी जी गोरखचिंचेची झाडं दिसतात, ती मूळची आफ्रिकेतलीच.) सासुमा पानं देते, वर ऐकवते, की माझा मुलगा सात वर्षांचा असताना माझ्यासाठी स्वतः पानं तोडून आणायचा!

आई रडत घरी येते. ते पाहून सुंदियाता म्हणतो, आज मी चालणार. लोहाराकडून जाडजूड लोखंडी गज मागवला जातो. तो धरून मुलगा उठायला लागतो, घामाने निथळतो आणि उभा राहतो. गज वाकून धनुष्यासारखा झालेला असतो. मग पानं कसली तोडतो! अख्खं झाडच उपटून आईच्या दारात आणून ठेवतो.

वाचतानाही अंगावर काटा येतो ना? पुढे १२३५ मध्ये किरीनाच्या लढाईत सुंदियाता जिंकतो, सम्राट होतो, वगैरे वगैरे. पण लहान मुलांच्या लक्षात राहतो तो वाकलेला गजच.

आता जरा थांबा. समजा ही गोष्ट ऐकणाऱ्या मुलांत एक मुलगी व्हीलचेअरवर बसलेली आहे. तिने कितीही गज धरले तरी ती उठणार नाहीये. तिने यातून काय घ्यायचं? आधी बरी हो, मग तुला मान मिळेल, असं?

त्यासाठी आफ्रिकेतलीच, पण आपल्या काळातली दुसरी गोष्ट ऐका. घानाच्या इमॅन्युएल ओफोसू येबोआ याचा जन्म १९७७ चा. जन्मापासून त्याचा एक पाय अधू. वडील घर सोडून गेले. आईने मात्र त्याला शाळेत घातलं. शाळेत कुणी त्याला खेळायला घेईना, तेव्हा त्याने पैसे साठवून फुटबॉल विकत घेतला. बॉल पाहिजे? मग मलाही टीममध्ये घ्या! कुबड्यांवर तो खेळला. आई आजारी पडल्यावर कोवळ्या वयात एकटा राजधानी आक्राला गेला आणि बुटांना पॉलिश करून घरी पैसे पाठवू लागला.

२००१ मध्ये एका पायाने सायकल मारत त्याने घानाभर सुमारे ६०० किलोमीटर प्रवास केला. अंगातल्या शर्टवर लिहिलेलं होतं, 'द पोझो'. पोझो म्हणजे तिथल्या बोलीत अपंग माणूस. जो शब्द लोक त्याच्या पाठीमागे वापरायचे, तोच त्याने छातीवर मिरवला. वाटेत गावोगावी तो लोकांशी बोलत गेला. २००६ मध्ये घानात अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. सार्वजनिक इमारतींत अपंगांना जाता-येता यावं, यासाठी त्यात दहा वर्षांची मुदत दिली होती. इमॅन्युएलवर लॉरी ॲन थॉम्पसन यांनी लिहिलेलं 'इमॅन्युएल्स ड्रीम' हे चित्रपुस्तक २०१५ मध्ये आलं.

फरक लक्षात आला? सुंदियाताच्या गोष्टीत मुलाचं शरीर बदलतं. इमॅन्युएल एका पायानेच देशभर सायकल मारतो, बदलावं लागतं ते आजूबाजूच्यांना.

मग जुनी गोष्ट फेकून द्यायची का? अजिबात नाही. कारण तिच्यात एक छोटा प्रसंग आहे, जो झाड उपटण्याच्या धामधुमीत राहून जातो. मुलगा अजून रांगत असतानाच म्हातारा राजा त्याला जवळ बोलावतो आणि बाला फासेके हा ग्रिओ त्याच्या हवाली करतो. स्वतःचा ग्रिओ असणं हा राजाचा मान. गज वाकायच्या आधीच तो मान त्या मुलाला मिळाला होता.

तुमच्या वर्गातही कुणीतरी असेल, जिन्यापाशी लिफ्टची वाट बघणारं किंवा परीक्षेला रायटर शोधणारं. त्याच्या 'जिद्दीला सलाम' ठोकणारी पोस्ट टाकायला दोन मिनिटं लागतात. लिफ्ट महिनाभर बंद का आहे, हे ऑफिसात जाऊन विचारायलाही तेवढीच लागतात.

आणि घरातल्या एखाद्या चिल्ल्यापिल्ल्याला सुंदियाताची गोष्ट जरूर सांगा. झाड उपटताना आवाज चढवा, हातवारे करा. फक्त संपल्यावर एक प्रश्न विचारा, तो उठलाच नसता, तर त्याच्या आईला पानं कुणी आणून द्यायला हवी होती?